शत्रूकडून तहाचा निरोप आला, तर दोस्ताला कधी आणि किती सांगायचं?

घाटमाथा (धागाकर्ता)

दुसऱ्या महायुद्धातल्या रणगाड्यांवर आणि विमानांवर इथे पुष्कळ लिहून झालंय. मला जरा बाजूच्या विषयावर तुमची मतं हवी आहेत.

तीन दोस्त मिळून लढताहेत. त्यांतल्या एकाकडे शत्रूचा माणूस मागच्या दाराने येतो आणि म्हणतो, आमचं सैन्य हत्यार खाली ठेवायला तयार आहे, पण फक्त तुमच्यापुढे. बाकीच्या दोघांना केव्हा सांगायचं? लगेच, की माणूस खरा आहे याची खात्री करून? आणि नुसतं सांगायचं, की बोलणीला सोबत बसवायचं?

माझ्या डोक्यात मार्च १९४५ चं बर्न प्रकरण आहे. इटलीतल्या एसएस (नाझी पक्षाची सशस्त्र संघटना) आणि पोलिसांचा प्रमुख कार्ल वोल्फ ८ मार्चला झुरिकमध्ये अॅलन डलेस या बर्नमध्ये बसणाऱ्या, स्वित्झर्लंडमधल्या अमेरिकन गुप्तचर प्रमुखाला भेटला. इटलीतलं जर्मन सैन्य शरण आणतो, म्हणाला. १२ मार्चला मॉस्कोला कळवण्यात आलं. सोव्हिएत परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह म्हणाला, ठीक आहे, आमचे तीन अधिकारी पाठवतो. अमेरिकनांचं उत्तर आलं की ही नुसती प्राथमिक गाठभेट आहे. खऱ्या शरणागतीच्या बोलणीसाठी पुढे इटलीत कासेर्ताला, दोस्तांच्या मुख्यालयात या. १६ तारखेला मोलोटोव्हने बजावलं की मग बोलणीच बंद करा. तरी १९ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या आस्कोनात दोस्तांचे दोन जनरल वोल्फला भेटले. २२ मार्चला मोलोटोव्हचं जळजळीत पत्र आलं: युद्धाचा मुख्य भार वाहणाऱ्या सोव्हिएत संघाच्या पाठीमागे हे चाललंय. त्यानंतर स्टालिन आणि रूझवेल्ट यांच्यात जी पत्रं झाली, तितकी कडवट पत्रं त्या दोघांनी एकमेकांना आधी कधी लिहिली नव्हती.

आता मुद्दा. ऑक्टोबर १९४३ मध्ये मॉस्कोच्या परिषदेत तिन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी, म्हणजे हल, ईडन आणि मोलोटोव्ह यांनी, ठरवलं होतं की शत्रूदेशाच्या सरकारकडूनच नव्हे, तिथल्या कुठल्याही गटाकडून वा व्यक्तीकडून असा निरोप आला तरी एकमेकांना लगेच कळवायचं. आणि पुढचं वाक्य होतं: काय करायचं ते विचारविनिमय करून ठरवायचं. अमेरिकनांनी पहिलं वाक्य कसंबसं पाळलं, दुसरं गुंडाळून ठेवलं. स्टालिन कसा होता ते मला माहीत आहे. तरीही या एका भांडणात तो बरोबर होता असं मला वाटतं.

हाणा आता.

चहाबाज

स्टालिन बरोबर? टपरीवर कटिंग सांगून आलो. होऊन जाऊ दे.

तिरपागडा

चोराच्या उलट्या बोंबा! ऑगस्ट १९३९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच लष्करी शिष्टमंडळ मॉस्कोत बसलेलं असताना त्याच शहरात जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपशी करार करणारा माणूस 'पाठीमागे' हा शब्द वापरतो?

दुसरं, हा राजकीय तह नव्हता. एका आघाडीवरचं एक सैन्य रणांगणावर शरण येत होतं. पूर्वेला एखादा जर्मन सेनापती रशियनांना शरण आला असता, तर त्यांनी अमेरिकन जनरलला सोबत बसवलं असतं का? मॉस्कोतले अमेरिकन राजदूत हॅरिमन आणि तिथल्या अमेरिकन लष्करी शिष्टमंडळाचे जनरल डीन नेमकं हेच वॉशिंग्टनला सांगत होते: आत घेतलंत तर हे अटींवर अटी घालतील, सगळं लांबवतील आणि पुढच्या वेळी हाच हक्क म्हणून मागतील. हातची संधी जायची.

घाटमाथा

१९३९ मध्ये ते दोस्त नव्हते. १९४५ मध्ये होते, आणि कागदावर सह्या होत्या. जुलै १९४१ चा ब्रिटिश-सोव्हिएत करार, १ जानेवारी १९४२ चा संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा. शत्रूशी वेगळा तह वा युद्धबंदी करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. त्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्या २६ देशांत हिंदुस्थानही होता. आपल्या वतीने गिरिजाशंकर वाजपेयींनी सही केली, ते वॉशिंग्टनमध्ये एजंट-जनरल होते. आपल्याला कुणी विचारलं होतं का, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

मोडी_वाचक

इतक्या लांब कशाला जाता? १७९० घ्या. टिपूविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज एकत्र आले. जूनमध्ये पुण्यात इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या मध्यस्थीने झालेल्या तहात कलमच होतं की सुलूख करायचा तर तिघांच्या संमतीने.

आणि ते पाळलंही गेलं. मे १७९१ मध्ये इंग्रजांचा गव्हर्नर-जनरल कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत जाऊन अडकला होता. धान्य नाही, बैल मेलेले, मोठ्या तोफा स्वतःच फोडून टाकायची पाळी आलेली. नेमक्या त्या वेळी टिपूने पांढरं निशाण, पत्र आणि सोबत फळं पाठवली. कॉर्नवॉलिसने फळं परत केली. मित्रांना विचारल्याशिवाय बोलणी नाही, ही त्याची भूमिका होती. पुढे फेब्रुवारी-मार्च १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला तहाची कलमं ठरली, तेव्हा टिपूच्या वकिलांसमोर इंग्रजांचा केनावे, निजामाचा मीर आलम आणि पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांचा बच्चाजी रघुनाथ असे तिन्ही पक्षांचे लोक बसले होते. निम्मा मुलूख आणि ३ कोटी ३० लाख रुपये, तिघांनी वाटून घेतले. धागाकर्ते म्हणतात ते 'दुसरं वाक्य' ते हेच.

कोंबडीवडे

फळं परत केली?? पोटात अन्न नाही आणि फळं परत? म्हणून ते राज्य करून गेले आणि आपण प्रतिसाद टंकतोय.

सह्यकडा

@मोडी_वाचक, १७९० सांगताना १७८२ गाळलंत की! १७८० मध्ये नाना फडणवीसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसल्यांना घेऊन इंग्रजांविरुद्ध चौकडी उभी केली. आणि मे १७८२ मध्ये महादजींनी सालबाईला इंग्रजांशी तह ठरवला. त्यात हैदराने सहा महिन्यांत जिंकलेला मुलूख सोडावा, ही जबाबदारी पेशव्यांनी घेतली. हैदर तेव्हा कर्नाटकात लढतच होता. दोस्ताच्या पाठीवर दोस्ताच्याच मुलखाचा सौदा. मोलोटोव्ह असता तर त्याने पुण्याला केवढं पत्र लिहिलं असतं.

मोडी_वाचक

गाळलं नाही, वाटच पाहत होतो कुणी काढतंय का. पण पुढचं सांगा ना. नानांनी त्या तहावर लगेच शिक्का केला नाही. महिनोन्‌महिने लांबवलं. हैदर ७ डिसेंबर १७८२ ला वारला, त्यानंतर नानांनी तह मंजूर केला. हैदर जिवंत आहे तोवर दोन्ही दारं उघडी ठेवायची, हा डाव होता. नैतिक म्हणा वा ना म्हणा, पण दोस्ताला सोडायची किंमत नानांना कळत होती. वोल्फला भेटायला जाताना डलेसने एवढा हिशेब केला होता का, याची मला शंका आहे.

झुरिकची_रेवती

मी इथेच राहते म्हणून या प्रकरणाचं थोडं वाचलंय. सगळ्यात मजेशीर पात्रं मध्यस्थांची. इटालियन उमराव लुइजी पारिल्ली, शाळा चालवणारा माक्स हुस्मान, आणि स्विस लष्करी गुप्तचर खात्यातला मेजर माक्स वायबेल. स्वित्झर्लंड तटस्थ, त्यामुळे वायबेल जे करत होता ते त्याच्या सरकारच्या अधिकृत धोरणात बसणारं नव्हतं. पण उत्तर इटलीतले कारखाने, धरणं आणि जेनोवाचं बंदर शाबूत राहण्यात स्विसांचाही स्वार्थ होता. त्यांचा माल तिथूनच यायचा.

वोल्फने शब्दाचा खरेपणा दाखवायला आधी दोन कैदी सोडले. त्यांतला एक फेरुच्चो पार्री, प्रतिकार चळवळीचा पुढारी. तो पुढे त्याच वर्षी इटलीचा पंतप्रधान झाला. म्हणजे तारणही अस्सल मागितलं होतं, डलेस अगदीच कच्चा नव्हता.

आस्कोनाच्या भेटीसाठी अमेरिकन लेम्निट्झर आणि ब्रिटिश एअरी हे दोन जनरल वेषांतर करून आले. एअरीने इथे एक डॅशहुंड कुत्रा विकत घेतला, म्हणजे कुत्रा घ्यायला आलेला गृहस्थ वाटावा. आस्कोना लागो माज्जोरेच्या काठी आहे. आता तिथे नुसते पर्यटक आणि महागडी आईस्क्रीमं.

कोंबडीवडे

रशियनांचा राग समजला. कुत्र्याला बोलणीत घेतलं आणि त्यांच्या तीन अधिकाऱ्यांना नाही.

चहाबाज

:D :D हा प्रतिसाद धाग्याच्या माथ्यावर चिकटवा.

अक्काबाई

हसून झालं असेल तर एक गंभीर गोष्ट. असा निरोप दोस्ताला सांगितल्यावर काय होतं, त्याचं दुसरं उदाहरण ब्रँड प्रकरण आहे आणि ते वाचवत नाही.

मे १९४४. हंगेरीतल्या ज्यूंना रोज आगगाड्यांत कोंबून आउश्वित्झला नेत होते. एसएस अधिकारी आइकमानने बुडापेस्टमधला ज्यू कार्यकर्ता योएल ब्रँड याला निरोप देऊन इस्तंबूलला धाडलं: दहा हजार ट्रक द्या, दहा लाख ज्यू सोडतो. आणि ट्रक फक्त पूर्व आघाडीवर वापरू, ही खास मखलाशी. म्हणजे अमेरिकन आणि ब्रिटिशांनी रशियनांविरुद्ध वापरायला ट्रक द्यायचे. निरोपातच दोस्तांमध्ये भांडण लावायची सोय.

ब्रँडला ब्रिटिशांनी अलेप्पोला ताब्यात घेतलं. प्रस्ताव मॉस्कोला कळवण्यात आला. सोव्हिएत उपपरराष्ट्रमंत्री वीशिन्स्कीचं उत्तर, जर्मन सरकारशी या विषयावर कसलीही बोलणी करणं योग्य नाही. जुलैमध्ये ब्रिटिश वृत्तपत्रांनी आणि बीबीसीने सगळं उघडं केलं आणि विषय संपला.

नियमाप्रमाणे सगळं बरोबर झालं. घाटमाथा, तुमची दोन्ही वाक्यं पाळली गेली. ट्रक द्यायलाच हवे होते असं मी म्हणत नाही, कुणीच दिले नसते. पण नुसतं बोलणं चालू ठेवून वेळ काढला असता तर काही गाड्या थांबल्या असत्या का, हे विचारणारे लोक तेव्हाही होते. सगळ्यांना सांगितलं की सगळ्यांना नकाराचा हक्क मिळतो. ही किंमत तुम्ही मोजता का?

घाटमाथा

अक्काबाई, हा माझ्या मांडणीला बसलेला सगळ्यात जोराचा धक्का आहे. याचं उत्तर घाईने देत नाही.

तिरपागडा

मी देतो. यातून माझीच बाजू सिद्ध होते. तिघांची संमती म्हणजे सर्वांत हट्टी माणसाची संमती.

दुर्बीण

स्टालिनच्या संशयाला पार्श्वभूमी आहे, ती लक्षात घ्या. मे १९४१ मध्ये नाझी पक्षातला हिटलरचा उपनेता हेस विमानाने स्कॉटलंडला उतरला. ब्रिटिशांनी त्याला डांबलं, पण बोलणी झाली की नाही याचा समाधानकारक खुलासा मॉस्कोला कधी मिळाला असं त्यांना वाटलं नाही. १९४२ मध्ये प्रावदा (सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचं वृत्तपत्र) हेसवर खटला चालवा म्हणत होती. जानेवारी १९४४ मध्ये प्रावदाने कैरोहून आलेली अफवा छापली की दोन बडे ब्रिटिश गृहस्थ रिबेनट्रॉपला गुपचूप भेटले. लंडनने तडक इन्कार केला.

आणि इटली तर जुनी जखम. ऑगस्ट १९४३ मध्ये इटालियन जनरल कास्तेल्लानो लिस्बनला येऊन आयझेनहॉवरच्या माणसांशी बोलला, तेव्हाच स्टालिनने लिहिलं होतं की दोघे ठरवतात आणि सोव्हिएत संघाला तिसरा बघ्या म्हणून नुसतं कळवलं जातं, हे यापुढे खपवून घेणार नाही. मार्च १९४५ मध्ये पुन्हा इटलीच.

निवृत्त_सुभेदार

मंडळी, तुम्ही स्वित्झर्लंडच्या तळ्याकाठी फिरताय. इटलीच्या आघाडीवर होतं कोण, तेही पाहा. चौथी, आठवी आणि दहावी हिंदी डिव्हिजन. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी होत्या. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस.

आणि ९ एप्रिल १९४५. त्याच आठवड्यात स्टालिन आणि रूझवेल्ट एकमेकांना पत्रं लिहीत होते. त्या संध्याकाळी सेनिओ नदीवर हल्ला झाला. नगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे, होते. पलीकडचा बांध मशीनगनांनी भरलेला. दोन जखमी साथीदारांना त्यांनी पाण्यातून, सुरुंगांमधून मागे आणलं. मग एकटे परत गेले, हाताला गोळी लागली, टॉमीगन चालवता येईना तेव्हा हातबॉम्बने ठाणी उडवली, आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची गर्जना दिली. व्हिक्टोरिया क्रॉस, आणि ते जिवंत परतले.

वोल्फची बोलणी मार्चमध्ये जमली असती तर सेनिओ ओलांडायची वेळ आली नसती. त्या नदीत किती जणांची घरं बुडाली असतील. मॉस्कोच्या मानापमानापेक्षा मला ते मोठं वाटतं. घाटमाथा, वाईट वाटून घेऊ नका.

सह्यकडा

काका, दंडवत. माणगावचा घाडग्यांचा पुतळा पाहिलाय, पण त्या युद्धाच्या वरच्या मजल्यावर काय चाललं होतं ते आज कळलं.

घाटमाथा

सुभेदार काका, वाईट कसलं. पण 'मार्चमध्ये जमली असती तर' यातच खरी गोम आहे. न जमण्याचं कारण रशियन नव्हते.

वोल्फच्या हातात एसएस आणि पोलीस होते, लढणारं सैन्य नव्हतं. त्याची भिस्त इटलीतला जर्मन सरसेनापती केसेलरिंग याच्यावर होती. नेमकी ८ तारखेच्या भेटीनंतर लगेच केसेलरिंगची बदली पश्चिम आघाडीवर झाली आणि व्हीटिंगहोफ आला. त्याला पटवायचं काम पुन्हा पहिल्यापासून. त्यात एसएसचा प्रमुख हिमलरला सुगावा लागला, वोल्फच्या बायकामुलांवर नजर बसली. एप्रिलच्या मध्याला वोल्फला बर्लिनला बोलावलं आणि तो हिटलरसमोर उभा राहून जिवंत परत आला, हेच नवल. २० एप्रिलच्या सुमारास वॉशिंग्टननेच डलेसला संपर्क तोडायला सांगितलं. शेवटी २९ एप्रिलला कासेर्तात सह्या झाल्या, २ मेपासून अंमल. आणि तिथे कोण हजर होतं? सोव्हिएत जनरल किस्लेंको! त्याने काहीही मोडलं नाही, लांबवलं नाही.

मग मार्चमध्ये एक रशियन अधिकारी आस्कोनात कोपऱ्यात बसला असता तर काय बिघडलं असतं?

तिरपागडा

एप्रिलअखेर बर्लिन पडत होतं, म्हणून तो गप्प बसला. मार्चमध्ये तो वोल्फला बघूनच उठला असता. आणि वोल्फ त्याला बघून उठला असता, ते वेगळंच.

रानजाई

हे सगळं वाचून आमच्या सोसायटीचा पुनर्विकास आठवला. बिल्डर आधी तळमजल्यावरच्या एकालाच चहाला बोलावतो. चहा पिऊन आलेला माणूस 'नुसती प्राथमिक गाठभेट' म्हणतो. आणि त्या दिवसापासून कमिटीत कुणाचा कुणावर विश्वास राहत नाही. बिल्डरला तेवढंच हवं असतं.

चहाबाज

घ्या. कमिटीच्या सेक्रेटरीचं नाव मोलोटोव्ह.

संपादक

एका सदस्याने सध्याच्या युद्धांवर आणि आपल्या परराष्ट्रमंत्र्यांवर दिलेला प्रतिसाद काढला आहे. धागा १९४५ वरच राहू द्या.

दुर्बीण

रानजाईंचं शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, हसण्यावारी नेऊ नका. ३ एप्रिलच्या पत्रात स्टालिनने सरळ लिहिलं की बोलणी झालीच आहेत आणि त्यांच्या मोबदल्यात जर्मनांनी पश्चिमेची आघाडी मोकळी केली. ५ तारखेला रूझवेल्टने उत्तर दिलं की तुम्हाला ही घाणेरडी माहिती देणाऱ्यांचा मला कमालीचा संताप येतो. ७ तारखेला स्टालिन म्हणतो, जर्मन चेकोस्लोव्हाकियातल्या कुठल्याशा झेम्ल्यानित्सा स्टेशनसाठी वेड्यासारखे लढतात, मेलेल्याला पोटिसाचा जेवढा उपयोग तेवढा त्यांना त्या स्टेशनचा. आणि मानहाइम, कासेलसारखी मोठी शहरं मात्र मुकाट सोडतात. याच दरम्यान मोलोटोव्ह संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेसाठी भरणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेला येणार नाही, असंही कळवून झालं होतं.

शरणागती दूरच, एकही जर्मन सैनिक इटलीत हत्यार टाकत नव्हता आणि दोस्तांमध्ये एवढी आग लागली होती. बर्लिनला याहून स्वस्तात काय मिळणार होतं?

१२ एप्रिलला रूझवेल्टने शेवटची तार केली: बर्नचं प्रकरण आता मागे पडलं, असे किरकोळ गैरसमज पुढे होऊ नयेत. हॅरिमनने मॉस्कोहून सुचवलं, 'किरकोळ' काढा. रूझवेल्ट म्हणाला, राहू दे. त्याच दिवशी वॉर्म स्प्रिंग्जला तो गेला.

झुरिकची_रेवती

आणि दोनच आठवड्यांत नेमका उलटा प्रसंग. हिमलरने ल्यूबेकला स्वीडिश रेडक्रॉसच्या काउंट बेर्नादोतमार्फत निरोप दिला: पश्चिमेला शरण येतो, पूर्वेला लढत राहतो. २५ एप्रिलला चर्चिल आणि ट्रूमन अटलांटिकपलीकडून टेलिफोनवर बोलले, शरणागती तिघांपुढे एकदमच, असं ठरलं आणि स्टालिनला लगेच कळवलं. स्टालिनचं उत्तर इतकं मऊ आलं की चर्चिललाच आश्चर्य वाटलं. भांडण नाही, पत्रं नाहीत.

तिरपागडा

कारण हिमलरशी बोलण्यात काही मिळण्यासारखंच नव्हतं! नकार द्यायचा असला की प्रामाणिकपणा सोपा असतो.

घाटमाथा

हे मात्र खरं बोललात.

दुर्बीण

मग स्टालिनच्या प्रामाणिकपणाचाही एक नमुना घ्या. जुलै १९४५, पोट्सडॅमची तिघा दोस्तांची परिषद. जपानचा परराष्ट्रमंत्री टोगो मॉस्कोतल्या साटो या राजदूताला तारा करतोय की राजपुत्र कोनोएला खास दूत म्हणून पाठवायचंय, रशियनांना मध्यस्थी करायला सांगा. १८ जुलैला स्टालिनने स्वतः तो निरोप ट्रूमनपुढे ठेवला आणि विचारलं, काय उत्तर देऊ? अगदी १९४३ च्या करारातल्या दोन्ही वाक्यांबरहुकूम.

ट्रूमन मख्ख चेहऱ्याने ऐकत होता, कारण अमेरिकन त्या जपानी तारा आधीपासून फोडून वाचत होते. ठरलं की जपान्यांना मोघम उत्तर द्यायचं. ८ ऑगस्टला रशियाने जपानवर युद्ध पुकारलं.

कोंबडीवडे

म्हणजे एक जण आधीच माहीत असलेलं गुपित सांगतोय, दुसरा माहीत नसल्यासारखं ऐकतोय, आणि बिचारा साटो मॉस्कोत वेळ मागत बसलाय. साटोवर कुणीतरी नाटक लिहा.

अक्काबाई

मूळ प्रश्नाकडे येते, नाहीतर धागा शंभरीला जाईल आणि उत्तर राहूनच जाईल.

ब्रँड आणि वोल्फ शेजारी ठेवून पाहिलं तर मला फरक दिसतो तो हा. एकात माणसं मरत होती आणि वेळ काढण्यातच फायदा होता. दुसऱ्यात वेळ काढणं वोल्फच्या फायद्याचं होतं. त्याला स्वतःची मान सोडवायची होती, आणि ती बऱ्यापैकी सुटलीही. न्यूरेंबर्गला तो साक्षीदार म्हणून उभा राहिला. १९६४ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने त्याला १५ वर्षं दिली, लाखो ज्यूंना ट्रेब्लिंकाला धाडण्यातल्या सहभागाबद्दल, आणि तीही पुरी भोगावी लागली नाहीत. निरोप घेऊन येणारा कोण आहे आणि त्याच्यासाठी बोलणी म्हणजे काय, हे आधी पाहायला हवं. दोस्ताला कळवण्याचा नियम त्याच्यानंतर.

घाटमाथा

आता उत्तर देतो. तुमचा क्रम मला मान्य नाही. निरोप्या कसा आहे हे एकट्याने तपासायला बसलं की पाहणारा त्याच्या प्रेमात पडतो. डलेस पडला. शेवटपर्यंत तो वोल्फला सांभाळून घेत राहिला. दुसऱ्याचा संशयी डोळा शेजारी असता तर वोल्फकडे सैन्यच नाही हे पहिल्या बैठकीतच कुणीतरी तोंडावर विचारलं असतं. ब्रँडच्या बाबतीत मात्र तुमच्यापुढे माझ्याकडे उत्तर नाही. तिथे नियम पाळून हात वर करणं सगळ्यांनाच सोयीचं पडलं.

मोडी_वाचक

हरिपंतांच्या वकिलाला बसवून घेतल्याने कॉर्नवॉलिसचं काही कमी झालं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

तिरपागडा

आणि १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे निजामावर चालून गेले, तेव्हा त्याच दोस्त इंग्रजांनी निजामाला काय मदत केली तेही नोंदवा. शून्य.

मोडी_वाचक

खर्ड्यावर वेगळा धागा काढतो. इथे नको, सुभेदार काका सेनिओबद्दल अजून लिहिणार आहेत असं दिसतंय.

निवृत्त_सुभेदार

लिहितो. रविवारी. नातवाकडून टंकून घ्यावं लागतं.